भिंतीलगतची फट

एसटी स्टँडमागे, जिथे आंब्याच्या पेट्यांची वखार होती,
तिथे आता नगरपरिषदेचं बहुउद्देशीय बंदिस्त क्रीडागृह.
नाव इतकं लांब, की रत्नागिरीचे रिक्षावाले नुसतं 'डबा' म्हणतात.
पत्र्याचं पोट, आत अठराशे खुर्च्या,
त्यातल्या चाळीस मोडलेल्या, पहिल्या दिवसापासून.

लाकडी जमीन बसवली इब्राहिम होडेकरांनी.
उभा जन्म राजिवड्यात होड्या बांधल्या,
आणि शेवटचं काम हे, पाणी कधीच न बघणारं.
मी कबड्डीच्या सरावाला यायचे, बूट हातात घेऊन.
म्हटलं, चाचा, भिंतीलगत फट राहिलीय.
"ऱ्हायली नाय, ठेवलीय.
होडीत फट ऱ्हायली तर माणूस बुडतो.
हिथं नाय ठेवली, तर दमट हवेनं फळी फुगते
आन् जमीनच उठून बसते."

जमिनीवर रेषाच रेषा.
बॅडमिंटनच्या पांढऱ्या, व्हॉलीबॉलच्या पिवळ्या,
बास्केटबॉलची निळी कमान,
आणि मॅट आली नव्हती म्हणून
आमच्यासाठी चिकटवलेली लाल पट्टी.
उपांत्य सामन्यात, परत फिरताना,
माझा डावा अंगठा तिच्यापलीकडे गेला
करंगळीच्या नखाएवढा.
पंचांचा हात वर.
खेडच्या मुली पुढे गेल्या, आम्ही घरी.

आता त्याच दारावर मी तिकिटं फाडते.
काल ऑर्केस्ट्रा होता.
दिवे मालवले, ढोल सुरू झाला,
थरथर फळ्यांतून माझ्या पोटऱ्यांत चढली,
आणि मी कामाची जागा सोडून आत गेले.
माणसं रेषांवर उभी होती,
एक पाय आत, एक बाहेर, कुणाला पत्ता नाही.
नेमकी माझ्या त्या जागेवर
मिरकरवाड्याची एक बाई, चपला काढून, नाचत होती.
लाल पट्टीच्या आत. बाहेर. आत.
तिचा गुण कुणी कापला नाही.
मला क्षणभर रागच आला तिचा.

रात्री दीडला फट झाडायला बसले.
शटलची पिसं, केसांतल्या पिना,
मीच फाडलेले अर्धे कागद,
कुणाचा तरी दुधाचा दात.

चाचा आता येत नाहीत, गुडघे गेले.
ऐन जुलैत मात्र फोन करतात:
"किती उरलीय?"
मी वाकते, भिंतीशी बोट घालून बघते.
करंगळी जाते, चाचा.
अजून जाते.