अक्षराला भाव

सातव्या खेतवाडीत माझं पाट्या रंगवायचं दुकान.
तेव्हा साध्या अक्षराला बारा रुपये,
जोडाक्षराला अठरा, अनुस्वार फुकट.
लोक नाव ठरवायलाही माझ्याकडेच येत,
जसं काही शिंप्याने
कोटाबरोबर मुलगीही बघून द्यावी.

मुस्तन्सिरभाईंना प्रश्नच पडला नाही.
पणजोबांनी जे विकलं ते घराचं आडनाव झालं:
खिळेवाला.
दुपारी नागदेवीत पाटी चढली,
संध्याकाळी पैसे.

शालिनीबाई वागळे मात्र चार वेळा आल्या.
थालीपिठाची भाजणी, मेतकूट, दिवाळीत चकलीचं पीठ.
वहीच्या कागदावर सतरा नावं.
पहिलं गृहलक्ष्मी.
म्हटलं, बाई, या एका गल्लीत
मीच तीन गृहलक्ष्म्या रंगवल्यात,
त्यातल्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत.
दुसरं सुरुची.
म्हटलं, चव चांगली हे आपण सांगायचं नसतं,
खाणाऱ्यानं सांगायचं.
तिसरं यजमानांच्या नि मुलाच्या नावातून जुळवलेलं,
वाचलं की पोटाचं औषध वाटे.

मी नाव विभक्तीला लावून बघतो.
चं लावतो, ला लावतो, कडे, हून.
'अमक्याकडून आण' असं पोराला सांगताना
जीभ अडखळली तर त्या पाटीला खिळाच मारू नये.
तोंडात पान असताना
तिसऱ्या मजल्यावरून खाली ओरडता आलं पाहिजे.
फोनवर 'ब, बदकातला ब' करावं लागलं
की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलंच समजा.

शेवटी विचारलं,
लोक दारात येऊन काय म्हणतात?
बाईंनी पर्सची चेन उघडली, लावली.
म्हणतात,
जिन्याखालच्या बाईंची भाजणी आहे का.

मी ब्रश खाली ठेवला.
बारा वर्षं लोक हाका मारत होते
आणि बाई वहीत शोधत होत्या.

पण त्यांना ते नको होतं.
म्हणाल्या, म्हणजे सगळ्यांना कळणार
आम्ही आठ बाय नऊत राहतो,
वरून माणसं चढली की माती गळते,
पिठावर जुन्या पातळाचं छत बांधलंय.
हे मला ठाऊक नव्हतं.
चाळीस वर्षं मी अक्षरांची उंची मोजली,
नावाखाली कोण राहतं ते
एकदाही विचारलं नव्हतं.

त्यांनी सुरुची नेली.
तीन अक्षरं, छत्तीस रुपये.
पिवळ्यावर लाल. उकाराला शेपूट जरा लांब दिली,
तिचे पैसे लावले नाहीत.

परवा पवईहून एक मुलगा आला, रेयांश की कायसा.
ऑफिसातल्या भिंतीवर त्याला हातचं अक्षर हवं होतं.
कंपनीचं नाव झिल्क्यो.
विचारलं, झिल्क्योत काम करता की झिल्क्योवर?
हसला. काका, म्हणाला,
इंटरनेटवर एवढं एकच नाव मोकळं होतं.
मुंबईत जे इतकी वर्षं मोकळं राहतं,
खोली असो की नाव,
त्याला काहीतरी कारण असतंच.
पण बोललो नाही. रंगवलं.
ल्क्यो या अक्षराचा भाव तक्त्यात नव्हता,
तोंडाला आला तो सांगितला,
त्यानं तो दिलाही.

परतताना वागळ्यांच्या नव्या गाळ्यावर थांबलो.
हमरस्त्यावर, आरसे, वजनाचा इलेक्ट्रिक काटा,
जिना कुठेच नाही.
बाई आता येत नाहीत, सून बसते.
वर माझी पाटी, लाल उडून गुलाबी झालेली.
खाली रांगेतला माणूस फोनवर सांगत होता,
अगं, जिन्याखालीच उभा आहे, किती घेऊ?

पाव किलो घेतली.
पिशवीवर सुरुची ठसठशीत छापलेलं.
घरी हिनं विचारलं, कुठली आणलीत?
आणि मी, ज्यानं ते नाव रंगवलं, म्हणालो,
जिन्याखालची.
ही म्हणाली, मग मेतकूट का नाही आणलं?