रुमालाखाली

बाबगोंडाकाकांची बायोप्सी मंगळवारी आली मिरजेला,
मेणात बसवलेली, हरभऱ्याएवढी.
डबीवरचं नाव मी दोनदा वाचलं
आणि मायक्रोटोमचं पातं बदललं.

कोमट पाण्यावर चार मायक्रॉनचे पापुद्रे तरंगतात
तेव्हा त्यात माणूस दिसत नाही.
दिसत नाही सांगलीच्या पेठेतली गादी,
कोपरापर्यंत पिवळे हात,
आमच्या आप्पांच्या पंजावर टाकलेला तो रुमाल
ज्याच्याखाली दोघं हळदीचा भाव ठरवायचे.
एक बोट दाबलं की शंभर,
अख्खा पंजा पाचशे,
करंगळी ओढली की पुरे, ऊठ आता.
वर चेहरे मात्र मयताला बसल्यासारखे.
मी पोत्यावरून विचारायची, काय बोलला ओ?
‘बोललो कुठं?’ म्हणायचे काका.

तपकिरी रंग चढवला फक्त त्या पेशींवर
ज्या जन्मापासून मेंदूच्या राखणीला असतात,
आणि त्यांच्यावर, ज्या हाकेसरशी रक्तातून धावत येतात.
वाटलं होतं, कडेला उभ्या असतील काठ्या घेऊन.
त्या आत होत्या.
गाठीच्या पोटात, ऐसपैस,
दर तीन पेशींमागे एक आपल्या बाजूची.
‘बाजू’ हा शब्द मी तिथंच गिळला.

‘गाठ त्यांना मारत नाही,’ कणबरगी मॅडम म्हणाल्या,
‘बोलावते.
एक रेणू सोडते, तो ह्यांच्या अंगावर बरोबर जागी बसतो.
मग ह्याच तिला वाट कोरून देतात,
रक्ताच्या नळ्या ओढून देतात,
लढायला आलेल्यांना सांगतात, निजा.’

पण ह्या ऐकतात का?

‘जखम झाली की जी हाक येते ना,
ती हुबेहूब तशीच हाक मारते.
ह्यांना वाटतं, आपण काहीतरी भरून काढतोय.’

रिपोर्टात हाकेला रकाना नाही.
ग्रेडला आहे.
चार.

रविवारी गावभागात गेले.
उजवा हात मांडीवर, कुणी विसरून गेलेल्या पिशवीसारखा.
हळदीला काका ‘ते, ते पिवळं’ म्हणत होते
आणि स्वतःवरच चिडत होते.
चंपाकाकू चहा टाकायला आत गेल्या
तसा त्यांनी डाव्या हातानं खांद्यावरचा पंचा ओढला,
माझ्या हातावर टाकला,
आणि आत एक बोट दाबलं.

एक.
शंभर नक्कीच नव्हते.
वर्ष? महिना? की नुसतं, खरं का?
थांबले. पुन्हा तेच बोट, जरा जोरात.

मला आकडा माहीत होता.
माझा हात तसाच राहिला, त्यांच्या हातात, उघडा.
करंगळी त्यांनी ओढली नाही.
मीही नाही.

काकू कपबशा घेऊन दारात.
‘काय बोलताय ओ दोघं?’
‘बो...’ म्हणाले काका, आणि अडकले.
उरलेलं मी म्हटलं.