कोपऱ्यातली माशी

फेरीतून दिवाडीला उतरलं की
चढणीवर तिसरं घर, रेबेलोंचं.
जेवणाच्या खोलीत, भिंतीवर, बारा फरशांची फुलदाणी.
लिस्बनहून आली म्हणतात, पण चितारणारा हात डच.
अकरा फरशा शाबूत.
बारावी नातवाच्या चेंडूनं फोडली.

मी डिचोलीची, कुंभाराघरची.
माती ओळखते. ट्युलिप नाही.
पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं,
कुणी देठावर कांदा खोचलाय.

मग रात्री पुस्तकं चाळली.
कळलं, त्या देशात फुलं गप्प बसत नाहीत.
कार्नेशन म्हणतं, साखरपुडा झाला.
लिली म्हणते, सोवळ्यात आहे.
सूर्यफूल धन्याकडे तोंड करून उभं.
ट्युलिप बोलतो पैशाचं,
आणि त्याच दमात पैसा जाण्याचं.
वसंतातलं नि शरदातलं एकाच पाण्यात,
असा गुच्छ कुठल्या बागेत कधी फुललाच नाही.
सुरंगी आणि शेवंती
एका वेणीत ओवावी, तसं काहीतरी.

‘‘बाराव्या फरशीवर काय होतं?’’
एर्मेलिंदबाईंनी चष्मा पुसला.
‘‘गळलेली पाकळी. तिच्यावर माशी.
आमची माय शनिवारी भिंत पुसताना
फडक्यानं तिला हाकलायची.’’

माशीचा अर्थ मी वाचला होता. सांगितला नाही.
‘‘म्हाका खबर आसा,’’ त्याच म्हणाल्या.
‘‘मरण ते. पाद्रीनं सांगितलेलं.
पण ऐंशी वर्षं जेवणापाशी बसली,
एक शीत उचललं नाही बिचारीनं.’’

काढली मग माशी.
खारीच्या केसांच्या कुंचल्यानं
सहा पाय, पंखांच्या शिरा.
पाकळीही काढली.
तरी अंगठ्याएवढी जागा उरली.
तिथे बाजारातल्या जुलियानाच्या पाटीतली
अबोली. कुणाला न विचारता.
सगळी बोलताहेत भिंतीवर,
एकीनं तरी नावाला जागावं.

कच्चा कोबाल्ट काळपट असतो, राखेसारखा.
भट्टी उघडेपर्यंत
निळ्याची खात्री कुणी देत नाही.
त्या रात्री मी दोनदा उठले.

सकाळच्या फेरीत फरशी मांडीवर,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुतळीनं बांधलेली.
शेजारच्या बाईनं वाकून पाहिलं.
‘‘मासळी काय गो?’’
‘‘नाही,’’ म्हटलं, ‘‘माशी.’’