दोन डबे, एक तबकडी

रविवार कारंजाला टेकवाणींच्या दुकानात
काचेच्या फळीवर दोन सीडी प्लेअर, शेजारी शेजारी.
एक चंदेरी, पाच तबकड्या पोटात घेणारा,
रिमोट, निळे दिवे, बास वाढवायचं बटण,
हवा तो तुकडा हवा तितक्यांदा फिरवायची सोय.
दुसरा काळा, जड, तोंड मिटलेला.
एक खण, चार बटणं.
रिमोट?
"नाही काका, उठावं लागेल."

किंमत जवळजवळ तीच.
"मग ह्यात पैसे कशाचे?"
हर्षल आहेर, वय असेल बावीस,
गुडघ्याएवढ्या स्टुलावरून म्हणाला,
"आतल्या सामानाचे."

जावयाने फोनवर बजावलं होतं, फीचर्स बघा, बाबा.
आणि मी बत्तीस वर्षं नोट प्रेसमध्ये
कोऱ्या कागदाच्या फडफडीवरून
त्याची ओल ओळखत आलेला माणूस.
हुद्दा तपासनिसाचा, डोळ्यांचा.
काम केलं ते कानांनी.

रुमालात गुंडाळलेली सीडी काढली.
अंबूताई गर्गे, पंचवटीतली बैठक, साल सत्त्याहत्तर,
कॅसेटवरून पुतण्याने उतरवून दिलेली.
मागे तानपुऱ्यावर मी.
नोकरी नवी, सदरा नवा, मिशी जेमतेम.

आधी चंदेरी.
आवाजाने दुकान भरलं, बाहेरच्या रिक्षा बुजल्या.
हर्षलने 'हॉल' दाबलं, मग 'स्टेडियम'.
बाई जन्मात कधी स्टेडियममध्ये गेल्या नव्हत्या,
आता गेल्या, आणि बऱ्या वाटत होत्या तिथे.
मला आवडलं. खोटं कशाला बोलू.

मग काळा.
आवाज लहान झाला. वाटलं, बिघडलाय.
मग हळूहळू ती खोली उमटली.
कुणीतरी पेला टेकवला.
बाईंची बांगडी. सा लावण्याआधीचा श्वास.
आणि त्याच्या मागे माझं बोट,
एकामागून एक चार तारा,
आणि आठव्या मिनिटाला पहिली, पंचमाची,
उतरलेली.
केसभर.

त्या रात्री पानाच्या ठेल्यावर लोक म्हणत होते,
"पंचमावर न थांबता काय गायल्या बाई!"
एका मास्तरांनी त्यावर तासभर वाद घातला.
मीही पुढे सांगत आलो,
बायकोला, पुतण्याला, प्रेसच्या डब्याच्या सुट्टीत,
की तो बाईंचा विचार होता.

विचार कसला.
त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं असतं
तर अख्ख्या बैठकीने मला पाहिलं असतं.
त्या वळल्या नाहीत.
पंचमाच्या बाजूबाजूने जात राहिल्या,
वाटेत पोर झोपलेलं असलं की
ओलांडू नये म्हणून वळसा घालतात, तशा.
नंतर चहा पितानाही म्हणाल्या फक्त,
"साखर कमी पडली का रे?"

"काका, परत लावू? चंदेरीवर
तेवढाच तुकडा दहादा फिरवता येतो."
येतो रे. पण त्यात तो तुकडाच नाही.
काळ्यात आहे, तर फिरवायची सोय नाही.
दर वेळी पहिल्यापासून,
तार नीट असलेली आठ मिनिटं
पुढचं ठाऊक असताना ऐकत बसायचं.

टेकवाणी शेट गल्ल्यावरून म्हणाले, "उद्या या, घाई नाही."
मी पैसे मोजले. नोटा कोऱ्या होत्या,
सवयीने एक कानाशी धरली.

नाशिक रोडपर्यंत रिक्षात मांडीवर घेऊन बसलो.
द्वारकेच्या सिग्नलला मांडी बधिर झाली.
जावयाला सांगितलं, गुडघ्यांना व्यायाम हवाच होता.

आता संध्याकाळी लावतो.
आठव्या मिनिटाला हात आपोआप वर जातो, खुंटीकडे.
खुंटी नाही.
तसाच उठतो,
बटण दाबतो,
पुन्हा पहिल्यापासून.