सव्वाचार इंच

पहाटे पाचला अधिकाऱ्याचा कागद हातात येतो.
अठरा हिरवळी, अठरा खुणा.
मी आणि फ्रोइलान गाडी काढतो,
मागे भोक पाडायचं यंत्र, बादली, पाण्याची बाटली.
खाली कांताब्रियाचा समुद्र अजून काळाच असतो.

कुणी विचारलं, काम काय करता,
तर सांगतो, रोज भोकं पाडतो,
आणि निघालेल्या मातीच्या गड्ड्यानं
कालची बुजवतो.
सव्वीस वर्षं हेच.
लोक हसतात. हसू देत.
सव्वाचार इंच रुंदी, जगभर तेवढीच,
राजाला तेवढी, माझ्या पोरीला तेवढी.

हिमेना चार वर्षांची होती तेव्हा
गड्डा बसवला की टाचेनं दाबायचं काम तिचं.
तिची आई सांतोन्याच्या कारखान्यात
अँचोवीचे काटे काढायची, पहाटेची पाळी,
पोर मग माझ्याच गळ्यात.
क्लबची सभासद ती कधीच नव्हती.
सभासद संध्याकाळी वाइनपाशी बसले की
झुडपांत हरवलेले चेंडू घेऊन यायची,
एकाचा छाप दुसऱ्याशी जुळत नसे.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. नसेलही.
पेपरात तिचं नाव खालून मोजत शोधावं लागे.
पहिल्या वर्षी चेक देशात अकराशे चाळीस युरो मिळाले,
जाण्यायेण्याचा खर्च तेराशे.
मोरोक्को. फिनलंड, तिथं रात्री अकरालाही ऊन.
गाडीतच झोपायची, आईला सांगायची हॉटेलात आहे.
मला फोटो यायचे ते फक्त गवताचे.
"बाबा, हे कुठलं? चेंडू अडखळतो यावर."
मी कळवायचो, मुळं उथळ आहेत, हळू मार.
कशी आहेस, हे विचारायचं
राहूनच जायचं.

यंदा स्पर्धा इथं आली, आमच्याच गवतावर.
शुक्रवारच्या कागदावर सतरावं होल:
उजवीकडून चार पावलं, पुढून सहा,
बंकरच्या अगदी पाठीशी.
तिचा फटका उजवीकडून डावीकडे वळतो.
अधिकाऱ्याला हे ठाऊक नव्हतं. मला होतं.

आणि पाऊल म्हणजे किती?
माझं, की त्या उंच डच माणसाचं?
एक पाऊल आत सरकलं असतं
तर कुणाच्या बापाला कळलं नसतं,
एक बाप सोडून.
फ्रोइलान दिवा धरून उभा होता.
त्यानं तोंड समुद्राकडे वळवलं, मुद्दाम.
मी मोजलं. पुन्हा मोजलं.
कागद म्हणाला तिथंच यंत्र रोवलं.

न्याहारीला तिच्या हातात तोच कागद.
सतराव्यावर बोट ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं.
मी म्हणालो, पाव खा.

दुपारी गालेर्ना सुटली, नेहमीसारखी, न सांगता.
झेंडे आडवे. सतराव्यावर तिचा चेंडू वाळूत.
काढला मात्र सुंदर, पाच फूट उरले.
मी शेडच्या आडून बघत होतो.
चेंडू आला, काठावर चढला, पुरता गोल फिरला,
आणि भोकाला पाठ दाखवून बाहेर थांबला.
एका फटक्यानं कट हुकला.

रात्री टेबलाशी ती एवढंच म्हणाली,
"काठ स्वच्छ कापला होतास."
तिच्या आईनं मासळीचे हात पुसत विचारलं,
कसला काठ?
आम्ही दोघंही जेवत राहिलो.

शनिवारी पहाटे शेड उघडायला गेलो
तर ही दाराशी, पाण्याची बाटली घेऊन.
खेळायचं नव्हतं तिला. विमान दुपारचं.
फ्रोइलान काही न बोलता मागे सरकून बसला.

सतराव्याच्या पार दुसऱ्या टोकाला नवं भोक पाडलं,
गड्डा आणून कालच्यात बसवला.
तिनं पाणी ओतलं,
मग टाचेनं दाबलं. जरा जास्तच जोरात.

"आठवडाभर डाग दिसेल," मी म्हणालो.
"तोवर मी स्वीडनमध्ये," ती म्हणाली,
आणि बादली उचलून अठराव्याकडे निघाली.