चौथी खाट

रोगण कोरड्या हवेत वाळत नाही.
हे मला तीन फळ्या वाया गेल्यावर कळलं.
फू थोच्या डोंगरातल्या झाडाचा चीक तो,
त्याला अंगाला चिकटणारी हवा लागते,
आणि जानेवारीत लाइपझिगचे हीटर
भिंतींचा घामसुद्धा पिऊन टाकतात.
म्हणून फळी न्हाणीघरात उभी. गरम नळ चालू,
दाराच्या फटीला ओला टॉवेल.
शेजारच्या क्रेच्मरबाई विचारतात,
एवढी आंघोळ कोण करतं तुमच्याकडे?

आई नखं रंगवते, मी फळ्या.
"एकच धंदा," ती म्हणते,
"थर द्यायचा, वाळवायचा, घासायचा.
फक्त माझं गिऱ्हाईक पैसे देऊन उठतं."

माझा स्टुडिओ तिच्या जुन्या सूतगिरणीत आहे.
जिथे उभं राहायचा तिला पगार मिळायचा
तिथे बसायचं मी भाडं भरते.
जमिनीत यंत्रांच्या खिळ्यांची भोकं राहिलीत.
आली की ती आधी भोकं मोजते.
"इथे मी. नाही, त्या खांबापलीकडे."

एकच फोटो आहे, मे अठ्ठ्याऐंशीचा.
वसतिगृहाची खोली, तीन मुली, तीन खाटा,
कोपऱ्यात शिलाई मशीनचं खोकं,
नाम दिन्हला, आजीकडे पाठवायचं.
तो फोटो मी फळीवर घेतला:
भिंतीला अंड्याची टरफलं, चिमट्याने एकेक,
(दोन महिने आई न्याहारीची टरफलं
चहाच्या डब्यातून आणून देत होती)
खिडकीला चांदीचा वर्ख,
खोक्यावर लाल.
मग सगळ्यावर काळा. सगळ्यावर.
या कामात आधी गाडायचं असतं,
मग पाणी टाकून घासत घासत
काय वर येतं ते बघत बसायचं.

रविवारी ती बघायला आली. कोट न काढताच म्हणाली,
"खाटा तीनच काढल्यास."
"फोटोत तीनच आहेत, आई."
"फोटो मेमधला. थ्वा मार्चमध्ये गेली."

कुठल्या थ्वा?
आमच्या भाषेत आईसमोर 'मी' म्हणत नाहीत,
'लेकरू' म्हणतात. चौतिसाव्या वर्षीही.
लेकराने विचारलं. लेकराला कधी कोणी सांगितलं नव्हतं.

"पोट राहिलं तर परत पाठवायचे.
नाहीतर दवाखाना.
मी रोज पहाटे तिला पट्टा बांधायचे,
गिरणीतल्याच कापडाचा, गुडघा टेकवून, घट्ट.
एक दिवस म्हणाली, श्वास पुरत नाही गं.
सैल बांधला मी.
त्याच दिवशी वॉर्डनबाईंचं लक्ष गेलं."

एवढंच, आणि चुकलेल्या बसबद्दल बोलावं तशा आवाजात.
"खाट नेली. जागा झाली.
मग आम्ही तिथे मशीन ठेवलं."

तिने खिशातून नखांची कानस काढली,
जिभेवर बोट ओलं करून खोक्यावर फिरवलं
आणि घासू लागली.
मी थांबवलं नाही. थांबवायला हवं होतं का,
अजून ठरत नाही.
काळा गेला. लाल गेला.
खालची माती गेली, आणि विणीचे
उभे-आडवे धागे दिसू लागले.

"खाली कापड असतं?"
"असतंच. लाकूड तडकू नये म्हणून
आधी फळीला गुंडाळून चिकटवतात."
"घट्ट?"
"घट्ट."

कानस तशीच हातात राहिली तिच्या.
"यावर आता काही देऊ नकोस."
"उघडं ठेवलं तर दमट शिरेल, आई."
"शिरू दे."

चारला तिचं गिऱ्हाईक होतं, फ्रेंच टिप्सचं.
बेसिनवर हात धुताना तिने
नखाखालचा लाल कण निघेना म्हणून
दोनदा साबण लावला,
मग तसाच राहू दिला.
मी नळ बंद करायला गेले.
फळीवर, खाटेएवढ्या जागेत,
कापडाने पाणी धरलं होतं.