शुद्धिपत्र

दुसरा भाग छापून आला तो संत्र्याच्या क्रेटमध्ये.
वरुडचा माल अमरावतीला टाकून गाडी रिकामी परततेच,
तिच्यात छापखान्यातून तीनशे प्रती चढवून घेतल्या.
ड्रायव्हर क्रेट उतरवताना म्हणाला,
"मॅडम, याचा रस निघते काय?"

मी हिशेबाची मॅडम.
बारा वर्षं मंडईत दुसऱ्यांच्या बागांच्या पट्ट्या लिहिते
आणि पाठकोऱ्या पट्ट्यांवर माझं घर.
टाइप करणाऱ्या पोरीनं एकदा मागची बाजूही टाइप केली,
तेव्हा धाकटा दीर वाटणी मागायला उभा राहतो
त्याच्या पुढच्याच ओळीत आलं :
हलका माल, अकरा क्रेट.
प्रूफात काढलं मी ते. काढायला नको होतं.

एका प्रकाशकाला पत्र टाकलं होतं.
त्यांचं उत्तर आलं, पहिल्याशिवाय दुसरा कसा काढणार,
आणि पहिला तर तुम्हीच काढून बसलात.
खरंच होतं. पहिल्याच्या एकशेबारा प्रती
दिवाणात आहेत, वर गाद्या, गाद्यांवर पाहुणे.
मग भिशी उचलली.
कागद सत्तरचा घेतला, ऐंशीचा परवडेना.
मुखपृष्ठावर माहेरचं आडनाव की सासरचं
यावर घरात दोन दिवस कोणी काही बोललं नाही,
म्हणून नुसतं पुष्पलता टाकलं.

झाडाला बहारासाठी ताण द्यावा लागतो,
पाणी तोडायचं, पान मलूल होईस्तोवर.
सुभद्राबाईंनी, माझ्या मोठ्या जाऊबाईंनी,
मला तीन वर्षं ताण दिला.
पहिल्या भागात त्यांचं नाव यशोदा आहे,
पण तुपाची बरणी कुलपात ठेवणारी बाई
गावात एकच.
एका विहिरीचं पाणी, आणि बोलणं नाही.
दुसरा भाग त्या ताणावर फुटला, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

क्रेट आले त्या रात्री त्याच आल्या.
पदर डोक्यावर, हातात कंदील नाही, बॅटरी नाही.
"मी हाये काय याच्यात?"
आहे म्हटलं.
"जित्ती?"

मी पान दोनशे बारा काढलं आणि वाचलं.
आपलंच लिहिलेलं इतक्या हळू
मी कधी वाचलं नव्हतं.
त्यांनी क्रेटच्या फळीवरची एक साल नखानं सोलत नेली,
शेवटपर्यंत.

"मेली मी. बरं केलं. तिसऱ्या भागात तुह्या डोक्याले ताप नाही."
मग थोड्या वेळानं,
"पन अंगावर लुगडं कोनतं होतं वं?"

मी पान वरून खाली पाहिलं.
रडणं होतं. पालथी बादली होती.
सायकल भिंतीला लावून थांबलेला दूधवाला होता.
लुगडं नव्हतं.

"अशीच नेली काय मले, पुष्पे?
मोरपंखी लिवजो. काठ बारीक.
पेटीत हाये माह्या, एकडाव नेसली फक्त."

झेरॉक्सवाल्याकडून एका कागदावर बारा,
अशा चिठ्ठ्या काढून आणल्या :
पान २१२, ओळ सातवी. "तिला अंगणात आणलं" याऐवजी
"मोरपंखी लुगड्यात तिला अंगणात आणलं" असे वाचावे.
मैद्याची खळ त्यांनी शिजवली.
त्या बोटानं लावत, मी चिकटवत,
खळ पातळ झाली यावरून भांडणही झालं,
तीन वर्षांतलं पहिलं.

दोनशे चौऱ्याहत्तर झाल्या.
सव्वीस त्याआधीच गेल्या होत्या,
वाचनालय, माहेर, मंडईतले दोघं, पोस्टमन,
आणि एक त्या ड्रायव्हरनं पैसे देऊन घेतलेली,
तो आता कुठल्या रस्त्यावर असेल देव जाणे.

सव्वीस नावं त्यांनी मला लिहायला लावली.
उद्या सकाळच्या एसटीनं आधी माझ्या माहेरी.
खळीचा डबा त्या मांडीवर धरणार आहेत,
माझ्याकडे दिला तर सांडेल म्हणतात.